पेढीची पत आणि लोकांची सेवा

(कै. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांच्या चरित्रावर धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत दिलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवांत दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, तेव्हां कोणता विषय घ्यावा हा विचार बरेच दिवस मनांत घोळत होता. अशा सभेंत धर्मगुरूनें एखाद्या संताचें चरित्र सांगावें ही रूढ पद्धति आहे, आणि ती चांगलीच आहे. आज मात्र आम्ही ज्या पुरुषाचें चरित्र तुमच्यापुढें ठेवणार आहों, तो संत नव्हता; आपल्या ख्रिस्तसभेचा सभासदही नव्हता. तो एक व्यापारी होता, आणि उतारवयांत कायदेमंडळाचा सभासद झाला. असला विषय देवळाच्या मंडपांत कां आणला, ह्याचें कारण आधीं सांगितलें पाहिजे. आणि तें सांगतांना आम्हांस आमच्या एका चुकीची कबुलीही द्यावी लागणार आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं, पावसाळा सरत आला असतां, आपल्यांतील एक गृहस्थ संध्याकाळीं आमच्याकडे आले. त्यांचें किराणा मालाचें लहानसें दुकान आहे. मीठ, मिरची, गूळ, तेल, काडेपेटी असला माल ते विकतात. आणि आसपासच्या पाड्यांत त्यांच्या मापाविषयीं कोणाची तक्रार आम्हीं कधीं ऐकली नाहीं. ते म्हणाले, "फादर, लोक म्हणतात, ह्या खेपेस पंचायत समितीला उभे राहा. पुढें जमलें तर विधानसभाही आहे. तुम्ही काय सांगतां?" आम्हीं फारसा विचार न करतां उत्तर दिलें, "तुमचा तराजू सरळ आहे, तो तसाच राहूं द्या. राजकारणाचा चिखल अंगाला लावून घेऊं नका." ते गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. नमस्कार करून उतरणीच्या वाटेनें निघून गेले.

पुढें वैशाख आला. पाड्यांवरच्या आयाबहिणी नेहमींप्रमाणें हंडे घेऊन दरींत उतरूं लागल्या. सूर्यमाळच्या ह्या पठारावर पाऊस कोसळतो तो किती, हें तुम्हांस आम्हीं सांगावयास नको. आणि उन्हाळ्यांत घोटभर पाण्यासाठीं किती चालावें लागतें, हेंही सांगावयास नको. वैतरणा नदीचें पाणी अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर ह्या धरणांत अडवून मुंबई शहरास नेलें जातें. तेथील नळ सुटतात, आणि येथील हंडा रिकामा राहतो. आमच्या दाराजवळून तो रिकाम्या हंड्यांचा ताफा जातांना पाहिला, आणि त्या गृहस्थांस दिलेलें उत्तर आम्हांस आठवलें. प्रामाणिक मनुष्यानें घरीं बसावें असा उपदेश जर धर्मगुरूच करूं लागला, तर ह्या आयाबहिणींची बाजू सभेंत मांडणार कोण?

वास्तविक आमच्याकडून अशी चूक व्हावयास नको होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं आधुनिक जगांतील ख्रिस्तसभेविषयीं जें निवेदन प्रसिद्ध केलें, त्यांत लोकहितासाठीं राज्यकारभाराचा भार उचलणाऱ्यांचा गौरव केला आहे, आणि ज्यांच्या अंगीं ती पात्रता आहे त्यांनीं त्यासाठीं आपली तयारी करावी असेंही सांगितलें आहे. सेमिनरींत हें आम्ही शिकलों होतों. परंतु पुस्तकांत शिकलेलें वेळेवर तोंडीं येत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे. तेव्हांपासून आम्ही एखाद्या अशा व्यापाऱ्याचें चरित्र शोधूं लागलों, कीं ज्यानें आपली पेढी सचोटीनें चालविली आणि त्याच सचोटीनें लोकांचें काम केलें. तें चरित्र फार लांब शोधावें लागलें नाहीं. तें आपल्याच जुन्या ठाणें जिल्ह्यांत सांपडलें.

मुरबाड हें गांव तुम्हांस ठाऊक आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा निराळा जिल्हा झाला. तोंपर्यंत मुरबाड आणि आपला मोखाडा एकाच जिल्ह्यांतले होते. ह्या मुरबाड गांवीं १० फेब्रुवारी १८०३ रोजीं जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म झाला. त्यांचें मूळ आडनांव मुरकुटे, जात दैवज्ञ. लोक त्यांस प्रेमानें नाना म्हणत. त्यांच्या पूर्वजांनीं अठराव्या शतकांतच मुंबईस जाऊन व्यापार मांडला होता आणि वडील शंकरशेट यांनीं तो पुष्कळ वाढविला होता. १८२२ सालीं वडील वारले, तेव्हां नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्या वयांत मोठी पेढी, मोठी मालमत्ता आणि मोठें नांव एकदम हातीं आलें. असा वारसा मिळालेले तरुण पुढें काय करतात, हें आपण पाहतोंच. नानांनीं मात्र पेढी सांभाळली, आणि त्याच वयांत लोकांचें कामही अंगावर घेतलें.

त्यांच्या पेढीविषयीं एक गोष्ट सांगितली जाते. अरब, अफगाण वगैरे परदेशचे व्यापारी मुंबई बंदरांत येत, तेव्हां आपलें द्रव्य बँकांत ठेवण्यापेक्षां नानांपाशीं ठेवणें त्यांस अधिक सुरक्षित वाटे. श्रोतेहो, ह्या गोष्टीचा क्षणभर विचार करा. त्या व्यापाऱ्यांची भाषा निराळी, धर्म निराळा, मुलूख निराळा. तरीही ते आपली थैली ह्या मनुष्याच्या हवालीं करून गलबतांत बसत. ह्यालाच आपल्या मराठी भाषेंत पत म्हणतात. पत ही दुकानांत विकत मिळत नाहीं आणि भाषणानें वाढत नाहीं. ती रोजच्या लहान व्यवहारांतून, पैशाला पैसा जुळवीत, वर्षानुवर्षें सांचते. धन्यानें आपल्या सेवकांपाशीं द्रव्य ठेवून परदेशीं जावें आणि परत आल्यावर हिशेब मागावा, असा दाखला आपल्या प्रभूनें शुभवर्तमानांत दिला आहे. त्या दाखल्याचा अर्थ पेढीवाल्या मनुष्यास आपणांपेक्षां लवकर कळत असला पाहिजे.

आतां नानांच्या लोकसेवेकडे वळूं. त्या काळीं मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे होते. त्यांच्या पुढाकारानें १८२२ च्या सुमारास देशी लोकांच्या शिक्षणासाठीं शाळा काढण्याचें व शाळेचीं पुस्तकें तयार करण्याचें काम मुंबईंत सुरू झालें. ह्या कामांत नाना आरंभापासून होते. १८२७ सालीं एल्फिन्स्टन साहेब स्वदेशीं परत निघाले, तेव्हां मुंबईच्या नागरिकांनीं त्यांच्या नांवानें निधि जमविला; त्यांतून पुढें एल्फिन्स्टनच्या नांवाची मोठी शिक्षणसंस्था उभी राहिली. १८४० सालीं सरकारनें शिक्षणमंडळ नेमलें. त्यावर तीन देशी सभासद होते: हिंदूंतून नाना, पारशांतून फ्रामजी कावसजी, आणि मुसलमानांतून महंमद इब्राहीम मुकबा. १८५७ सालीं मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें, तेव्हां त्याच्या पहिल्या फेलोंतही नानांचें नांव होतें.

ह्या शिक्षणमंडळांत एक मोठा वाद झाला, आणि तो आपल्या मुलांशीं आजही संबंध ठेवणारा असल्यामुळें तो थोडा विस्तारानें सांगतों. शाळांतील शिक्षण कोणत्या भाषेंतून द्यावें, हा तो वाद होता. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. थोड्या निवडक लोकांस इंग्रजींतून उत्तम शिक्षण द्यावें, मग तें ज्ञान त्यांच्याकडून हळूहळू खालीं झिरपेल, असा त्या पक्षाचा विचार होता. नाना, त्यांचे दोन देशी सहकारी आणि कर्नल जर्विस यांनीं ह्यास विरोध केला. १ मे १८४७ रोजीं नानांनीं आपलें मत लेखी नोंदविलें. त्याचें सार असें, कीं जर सामान्य जनतेला ज्ञान द्यावयाचें असेल, तर तें तिच्या स्वतःच्या भाषेंतूनच दिलें पाहिजे. पुढें सरकारनें तडजोड केली: खालचें शिक्षण देशी भाषेंत, आणि वरचें इंग्रजींत.

हें मत देणाऱ्या मनुष्यास इंग्रजी येत नव्हतें, असें मात्र समजूं नका. नाना साहेबलोकांशीं इंग्रजींत बोलत, लिहीत, सभा चालवीत. इंग्रजीचा लाभ त्यांस स्वतःला पुरेपूर होता. जी शिडी आपणांस वर चढवून गेली ती एकट्यापुरती ठेवून घेण्याचा मोह मोठा असतो. नानांनीं तो मोह टाळला, आणि जे खालीं उभे आहेत त्यांच्या पायांस कोणती पायरी पोहोंचेल ह्याचा विचार केला. आपल्या ख्रिस्तसभेंतही हीच दृष्टि असलेले पुरुष होऊन गेले आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. परंतु गोमंतकांतील नवख्रिस्ती जनांसाठीं त्यांनीं प्रभूचें चरित्र मराठी ओव्यांत रचलें, आणि तें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. लोकांच्या उद्धाराची इच्छा असेल, तर लोकांच्या भाषेजवळ यावें लागतें. आमच्या पाड्यांवरचें वारली किंवा ठाकूर मूल शाळेंत प्रथम येतें तेव्हां पुस्तकांतली मराठीही त्याला परकी वाटते. जो शिक्षक त्याच्या घरच्या बोलींत दोन शब्द बोलतो, त्याच्याच वर्गांत तें मूल टिकतें. हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आणि म्हणून नानांचें तें १८४७ चें मत आम्हांस शिळें वाटत नाहीं.

मुलींच्या शिक्षणाची गोष्ट ह्याहून मोठी आहे. एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं १८४८ सालीं एक सभा स्थापन केली, आणि पुढील वर्षीं तिच्यातर्फें मुलींच्या शाळा निघाल्या. अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८२४ सालींच मुंबईंत मुलींची शाळा काढली होती, आणि पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा सुरू केली होती. तरी पांढरपेशा समाजाचा विरोध जबरदस्त होता. मुलगी शिकली तर घर बुडेल, अशी समजूत थोरामोठ्यांची होती. अशा वेळीं मुलींच्या शाळेस जागा कोण देणार? नानांनीं गिरगांवांतील आपल्या वाड्यांत जागा दिली.

श्रोतेहो, देणगी देणें आणि घर देणें ह्यांत फार अंतर आहे. देणगी देणारा पैसे देऊन मोकळा होतो. घर देणारा मनुष्य आपली प्रतिष्ठा, आपल्या जातीचा रोष, शेजाऱ्यांचीं टोमण्यांचीं बोलणीं, हें सर्व आपल्या उंबऱ्याच्या आंत घेतो. नाना आपल्या धर्माचे आचार निष्ठेनें पाळणारे होते.  आधुनिक म्हणविणाऱ्या तरुणांपैकीं ते नव्हते. म्हणूनच त्यांच्या दारांतून मुली पाटी घेऊन आंत जाऊं लागल्या, तेव्हां इतर कुटुंबांस धीर आला असला पाहिजे. सती जाण्याची चाल बंद करणाऱ्या कायद्यासही नानांनीं पाठिंबा दिला होता. आपल्या धर्मावर खरी निष्ठा असणारा मनुष्यच आपल्या समाजांतील अन्यायास निर्भयपणें हात घालूं शकतो, हा बोध आपणांसही घेण्यासारखा आहे.

आगगाडीची हकीकत बहुतेकांस माहीत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. मुंबईंत लोहमार्ग यावा म्हणून १८४५ पासून जी खटपट झाली, तींत सर जमशेटजी जिजीभाई यांच्याबरोबर नाना प्रमुख होते, आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीच्या कारभारांतही त्यांस स्थान मिळालें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली; तिला चौदा डबे होते आणि सुमारें चारशें पाहुणे तींत बसले होते. १८६५ च्या आरंभीं थळ घाट चढून लोहमार्ग इगतपुरीस पोहोंचला, आणि त्याच वर्षीं नानांचा अंत झाला. आज खोडाळ्याहून उतरून कसारा स्टेशनावर जो आपला मनुष्य कामधंद्यासाठीं गाडींत बसतो, तो नकळत मुरबाडच्या ह्या पुत्राच्या खटपटीचा लाभ घेतो.

आणखी एक लहान गोष्ट. मुंबईंत सोनापूर येथें हिंदूंची स्मशानभूमि होती. ती तेथून हलवून लांब शिवडीस न्यावी असा सरकारचा विचार झाला, तेव्हां नानांनीं तो बेत मोडून काढला. श्रीमंताचें प्रेत कोठेंही नेतां येतें. चार कोस प्रेत खांद्यावर वाहण्याची पाळी येते ती गरिबांवर. आपल्या मृतांच्या विश्रांतिस्थानाविषयीं आपल्या मनांत जो आदर आहे तो जाणणाऱ्यास ह्या कामाची किंमत समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां कायदेमंडळाकडे येऊं. २६ ऑगस्ट १८५२ रोजीं मुंबईंत बॉम्बे असोसिएशन ह्या नांवाची सभा स्थापन झाली. देशी लोकांचीं गाऱ्हाणीं सरकारच्या कानांवर रीतसर घालणारी ही ह्या इलाख्यांतील पहिली सभा. नाना तिचे अध्यक्ष होते. हिंदू, पारशी, मुसलमान असे नाना धर्मांचे गृहस्थ तींत एकत्र बसत. ह्या सभेनें विलायतेच्या पार्लमेंटाकडे अर्ज धाडला, आणि देशाचे कायदे जेथें होतात तेथें देशाच्या लोकांसही जागा असावी अशी मागणी केली. १८५७ च्या धामधुमींत नानांवर संशयही घेण्यांत आला. परंतु त्यांत कांहीं निष्पन्न झालें नाहीं. मग १८६१ सालीं पार्लमेंटानें नवा कायदा केला, आणि १८६२ सालीं मुंबईच्या कायदेमंडळावर ज्या पहिल्या देशी सभासदांची नेमणूक झाली, त्यांत नाना होते. त्या वेळीं त्यांचें वय एकोणसाठ वर्षांचें होतें.

बंधूंनो, हे आंकडे नीट ध्यानांत ठेवा. लोकांचें काम अंगावर घेतलें एकोणिसाव्या वर्षीं. कायदेमंडळांत आसन मिळालें एकोणसाठाव्या वर्षीं. मध्यें चाळीस वर्षें गेलीं. ह्या चाळीस वर्षांत शाळा झाल्या, आगगाडी झाली, अर्ज झाले, विरोध झाले, संशयही झाला. आसन मात्र नव्हतें. आसन मिळाल्यावर ते तीनच वर्षें जगले, आणि ३१ जुलै १८६५ रोजीं निवर्तले. चाळीस वर्षें सेवा आणि तीन वर्षें आसन. आज आपण नेमका उलट हिशेब पाहतों. मनुष्य आधीं आसन मागतो, आणि सेवा पुढें सवडीनें करूं असें म्हणतो. ज्याच्या पेढीवर पत नाहीं त्यानें मोठी हुंडी काढावी, तसा हा प्रकार आहे.

नानांची स्तुति करतांना त्यांच्या काळाच्या मर्यादा आम्ही लपवीत नाहीं. ते लोकांनीं निवडलेले नव्हते; सरकारनें नेमलेले होते. त्या कायदेमंडळास प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता, अंदाजपत्रकावर बोलण्याचा नव्हता. जें विधेयक पुढें येईल तेवढ्यावरच बोलावयाचें. आणि हेंही खरें, कीं मुंबईंत पेटलेला शिक्षणाचा दिवा ह्या डोंगरांत फार उशिरां पोहोंचला. वाड्यांत शाळा भरल्या, परंतु आमच्या पाड्यांवरच्या मुलीच्या हातीं पाटी येण्यास पुढें शंभर वर्षें लागलीं, आणि कित्येक घरीं ती अजूनही आलेली नाहीं. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें बालकें कुपोषणानें दगावलीं, तेव्हां कोठें आपल्या डोंगरांचें नांव वर्तमानपत्रांत आलें. मुंबईपासून हें ठिकाण किती लांब आहे? अंतर कोसांचें नव्हतें. येथील माणसाची हांक सभागृहापर्यंत नेणारा दुवा बळकट नव्हता, हें खरें अंतर होतें.

म्हणून आजच्या काळीं आपला दोष अधिक. नानांस जो अधिकार नव्हता तो आपणांस आहे. आपला विक्रमगड मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठीं राखीव आहे. येथून विधानसभेंत जाणारा मनुष्य अनुसूचित जमातींतला असावा अशी घटनेची योजना आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानें ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. दार उघडें आहे. आंत जाण्यास सरळ तराजूचा मनुष्य पाहिजे, आणि तो मनुष्य चिखलाच्या भीतीनें घरीं बसला तर रिकामी जागा कोण घेतो, हें तुम्हांस ठाऊक आहे. आपल्याच धर्मबंधूंपैकीं जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा यांनीं लोकमान्य टिळकांबरोबर काम केलें, मुंबईच्या कायदेमंडळांत भाग घेतला, आणि १९२५ सालीं ते मुंबईचे महापौर झाले. कॅथोलिक मनुष्यानें ह्या वाटेस जाऊं नये असें कोणीं सांगितलें?

परंतु वाट कोठून सुरू होते, तेंही नानांनीं दाखविलें आहे. ती आपल्या घराच्या उंबऱ्यापासून सुरू होते. दिवाळी झाली, नाचणी-वरई घरांत आली, कीं आपलीं कित्येक कुटुंबें वीटभट्ट्यांवर आणि शहरांकडे कामास जातात. मुलें बरोबर गेलीं तर शाळा सुटते. मागें आजीपाशीं राहिलीं तर संध्याकाळीं त्यांच्याकडे पाहण्यास कोणी नसतें. आम्ही आज तुमच्यापाशीं पैसे मागत नाहीं. आम्ही ओटी मागतों. प्रत्येक पाड्यांत एका घरानें, दिवाळीपासून पाऊस पडेपर्यंत, रोज संध्याकाळीं आपली ओटी उघडी ठेवावी, एक दिवा लावावा, आणि मागें राहिलेल्या मुलांस तेथें बसूं द्यावें. शिकलेल्या तरुणांनीं व तरुणींनीं पाळीपाळीनें येऊन त्यांचा अभ्यास घ्यावा. मूल ख्रिस्ती आहे कीं नाहीं, हें विचारूं नये. ज्यांच्या ओटीवर अशीं मुलें चार वर्षें शिकतील, त्यांस मतें मागण्यासाठीं पत्रकें छापावीं लागणार नाहींत.

नानांच्या पश्चात् त्यांच्या नांवानें संस्कृतच्या अभ्यासासाठीं शिष्यवृत्ति ठेवण्यांत आली. १९१२ सालीं ती चिंतामण द्वारकानाथ देशमुख नांवाच्या, कुलाबा जिल्ह्यांतून आलेल्या एका मुलानें मिळविली. तेच पुढें रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. मुंबईंत ग्रँट रोडजवळ नाना चौक आहे, आणि टाउन हॉलांत नानांचा पुतळा आहे. पुतळा पाहणाऱ्यास मनुष्य दिसतो. शिष्यवृत्ति मिळविणाऱ्या मुलास त्या मनुष्याचा हात मिळतो. त्यांच्या मृत्यूच्याच महिन्यांत मुंबईंत कापसाच्या आणि भागांच्या सट्ट्याचा डोलारा कोसळला, आणि एका रात्रींत मोठे झालेले कित्येक जण एका रात्रींत बुडाले. पत आणि सट्टा ह्यांतील फरक त्या शहरानें त्या वर्षीं पाहिला.

शेवटीं, ज्यांच्यापासून ह्या भाषणास आरंभ झाला त्यांच्याकडे वळतों. ते गृहस्थ आज ह्या मंडपांत बसले आहेत. त्यांचें नांव आम्ही घेत नाहीं. त्या संध्याकाळीं आम्हीं दिलेला सल्ला चुकीचा होता. तो आम्ही आज ह्या सभेसमक्ष परत घेतों. कोणत्या पक्षाकडून उभें राहावें, हें सांगणें धर्मगुरूचें काम नव्हे, आणि तें आम्ही कधींही सांगणार नाहीं. परंतु उभें राहावें कीं नाहीं, असें जर तुम्हीं पुनः विचारलें, तर आमचें उत्तर असें: आधीं ओटी उघडा, मग लोक म्हणतील तर अवश्य उभे राहा, आणि निवडून आलांत तर दुकानांतला तराजू घरीं ठेवून जाऊं नका, बरोबर घेऊन जा. जिंकलांत तरी आणि हरलांत तरी, ओटीवरचा दिवा विझूं देऊं नका.

आपल्या धर्मग्रामाच्या स्थापनेच्या वेळीं ज्यांनीं ह्या माळावर पहिला दगड ठेवला, त्यांच्यापाशीं द्रव्य नव्हतें. लोकांचा विश्वास होता. त्या विश्वासाचें भांडवल आज आपल्या हातीं आहे. धनी एके दिवशीं येईल आणि हिशेब मागेल. त्या दिवशीं आपण तें द्रव्य जमिनींत पुरून ठेवलें असें सांगण्याची पाळी कोणावरही न येवो. आणि पवित्र मरिया मातेच्या मध्यस्थीनें परमेश्वर ह्या डोंगरांतील प्रत्येक घरास लहान कामांत सचोटी व मोठ्या कामांत धैर्य देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.